खेळ, चाके आणि एकच फेरा
(तंत्रज्ञान विषय : इयत्ता ९ वी)



आपल्या वेळापत्रकात प्रोग्रॅमिंग, रोबोटिक्स आणि गेम डिझाइन असे तीन तास तीन वेगळ्या वारी असतात. त्यामुळे हे तीन निरनिराळे विषय आहेत, असा बहुतेकांचा समज होतो. पालक विचारतात, "खेळ बनवणे हा अभ्यास कसा?" विश्वस्त मंडळी विचारतात, "यंत्रांवर इतका खर्च कशासाठी?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे या पाठात आपोआप मिळतील, असे आम्हांस वाटते.

१) खेळातील फेरा

१९७२ साली अटारी कंपनीने 'पाँग' हा खेळ बाजारात आणला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच तो खेळ. गंमत म्हणजे मूळ पाँगमध्ये प्रोग्रॅमच नव्हता. सारे निर्णय इलेक्ट्रॉनिक परिपथ घेत असत. आज तोच खेळ आपण प्रोग्रॅम लिहून वर्गात करतो. त्यात पुढील चार गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात :

– खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहा.
– चेंडू त्याच्या वेगाप्रमाणे पुढे सरकवा.
– चेंडू वरच्या किंवा खालच्या कडेला लागला तर उभा वेग उलट करा. फळीला लागला तर आडवा वेग उलट करा.
– चित्र नव्याने काढा.

हा झाला एक फेरा. सेकंदाला असे ६० फेरे झाले, तर एका फेऱ्याला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक फेऱ्यात चेंडू ५ ठिपके सरकवला, तर त्याचा वेग सेकंदाला ३०० ठिपके होतो. आता तोच प्रोग्रॅम जुन्या संगणकावर चालवला आणि तेथे ३०च फेरे झाले, तर? चेंडू निम्म्या वेगाने रखडत जाईल. यावर उपाय विज्ञानाच्या पुस्तकातच आहे : अंतर = वेग × काळ. मागील फेऱ्यापासून किती काळ गेला ते मोजा आणि त्याने ३०० ला गुणा. ३० फेऱ्यांच्या संगणकावर चेंडू दर फेऱ्याला १० ठिपके सरकेल आणि वेग तोच राहील. परीक्षेपुरते पाठ केलेले सूत्र येथे खरोखर कामाला येते.

२) चाकांतील फेरा

आता काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी घेऊ. तिच्या पुढच्या बाजूस पट्टीच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सेन्सर असतात. सेन्सर अवरक्त प्रकाश सोडतो. पांढरी जमीन तो परावर्तित करते, काळी पट्टी शोषून घेते. डाव्या सेन्सरला काळे दिसले, याचा अर्थ गाडी उजवीकडे सरकली आहे. म्हणून डावे चाक हळू करायचे, म्हणजे गाडी डावीकडे वळते. उजव्या सेन्सरला काळे दिसले तर याच्या उलट. दोन्हींना पांढरे दिसले तर सरळ जायचे. पाहा, ठरवा, करा आणि पुन्हा पाहा. फेरा तोच!

समजा, गाडीचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आहे आणि ती सेकंदातून दहाच वेळा पाहते. दोन पाहण्यांच्या मध्ये ती ४ सेंटिमीटर पुढे जाते. पट्टी २ सेंटिमीटर रुंद असेल, तर तीव्र वळणावर सेन्सर ती ओलांडून जाईल आणि गाडीला पत्ताही लागणार नाही. सेकंदाला शंभर वेळा पाहिले, तर हे अंतर ४ मिलिमीटर होते. खेळात चूक झाली तर पडद्यावर चेंडू चुकतो. येथे गाडी टेबलाखाली पडते. चूक डोळ्यांना दिसते, हाताने दुरुस्त करता येते. यंत्रांवरील खर्चाचे कारण हेच.

३) आधी वही, मग कळफलक

प्रोग्रॅममधील शब्द इंग्रजी असले, तरी त्यामागील विचार मराठीत करता येतो. म्हणून आम्ही सर्व पायऱ्या आधी वहीत मराठीतून लिहून घेतो. आपल्या बडोद्याला ही रीत नवी नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन सुरू केले. तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

४) पालक व विश्वस्तांसाठी

पालकहो, खेळ खेळणारा मुलगा दुसऱ्याने केलेले नियम पाळतो. खेळ बनवणारा नियम स्वतः ठरवतो आणि ते कोठे मोडतात ते शोधतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून कोडिंगची शिफारस केली आहे. तेव्हा परीक्षा जवळ आली की पहिला बळी या तासाचा जाऊ नये, ही विनंती.

खर्च एकदम करण्याची गरज नाही. वही फुकट आहे. २००७ साली जगासमोर आलेली स्क्रॅच ही चित्रठोकळ्यांची भाषाही फुकट आहे. तेथे हात बसल्यावरच यंत्रसंच घ्यावेत. चार विद्यार्थ्यांना एक संच पुरतो; मात्र एक अट हवी. गटात बहुधा मुलगे तारा जोडतात आणि मुलींच्या वाट्याला टिपणे लिहिणे येते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी कामे बदललीच पाहिजेत. संच सर्वांच्या हाती गेला नाही, तर तो घेऊन उपयोग काय?

स्वाध्याय

१) चेंडूचा वेग सेकंदाला २४० ठिपके आहे. ४० फेऱ्यांच्या संगणकावर तो दर फेऱ्याला किती सरकेल?
२) दोन्ही सेन्सरना एकदम काळे दिसले, तर गाडी कोठे असेल? तिने काय करावे?
३) घरातील इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू होते. तिचा फेरा चार ओळींत, मराठीत लिहा. घरच्यांना वाचून दाखवा. त्यांना समजला तरच तो बरोबर धरा.