साउंड डीकोडरसाठी प्रोग्रॅमर कोणता घ्यावा?

प्रश्न : माझ्या एचओ मापाच्या इंजिनांत वेगवेगळ्या कंपन्यांचे साउंड डीकोडर आहेत. ईएसयूचा लोकप्रोग्रॅमर घ्यावा, की जेएमआरआयचं मोफत डीकोडरप्रो पुरेल?

उत्तर : तुम्हाला इंजिनाचा आवाजच बदलायचा आहे की असलेला आवाज जुळवून घ्यायचा आहे, यावर सगळं ठरतं. हॉर्नची पट्टी, वेग घेण्याचा संथपणा, पत्ता हे सारं सीव्हींमध्ये, म्हणजे डीकोडरच्या क्रमांकित सेटिंगमध्ये, असतं आणि तिथे डीकोडरप्रो सरस. ते बहुतेक कंपन्यांचे डीकोडर ओळखतं आणि प्रत्येक इंजिनाची मूल्यं फाइलमध्ये जपून ठेवतं. हातातल्या थ्रॉटलवरूनही हे जमतं, असं कुणी म्हणेल. सीव्ही ३, म्हणजे वेग घेण्याचा संथपणा, बदलण्यापुरतं ते खरंही आहे. पण ईएसयूच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये आधी सीव्ही ३१ आणि ३२ लिहून मगच पुढच्या पानावरची मूल्यं बदलता येतात. तिथे एक आकडा चुकला की भलतंच काहीतरी बदलतं. डीकोडरप्रो मोफत असलं तरी संगणक आणि रूळ यांच्यामधलं स्प्रॉगसारखं उपकरण विकतच घ्यावं लागतं, हे मात्र हिशेबात धरा.

लोकसाउंडमधला डिझेलचा आवाज काढून वाफेचा भरायचा असेल, तर डीकोडरप्रो हतबल आहे. त्यात ध्वनिफाइल चढवायला लोकप्रोग्रॅमरच लागतो. इतर कंपन्यांच्या डीकोडरवर त्याची मजल सीव्हींपुरतीच. म्हणून खरेदीआधी प्रत्येक इंजिनाचा सीव्ही ८ वाचा. १५१ म्हणजे ईएसयू, १४५ झिमो, १४१ साउंडट्रॅक्स. १५१ एखादाच निघाला, तर लोकप्रोग्रॅमरचा खर्च मला पटत नाही.