निनावी पत्राचा प्रिंटर सापडतो का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत कुणीतरी निनावी पत्र छापून दारोदारी टाकलं. ना सही, ना हस्ताक्षर. ते कोणत्या प्रिंटरवर काढलं हे कळू शकतं का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : कळू शकतं, पण संशयित प्रिंटर हाती लागला तर. लेझर प्रिंटरच्या ड्रमवर ओरखडा असला, की ड्रमच्या दर फेऱ्याला कागदावर तोच ठिपका उमटतो. ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर ठिपके साधारण ९४ मिलिमीटरवर, एकाखाली एक येतात. पट्टी लावून तुम्हीही मोजा. अंतरावरून ड्रमचा आकार कळतो; ठिपक्याची जागा आणि ठेवण संशयित प्रिंटरच्या नमुन्याशी जुळली, तर नेमकं यंत्र. ड्रम बदलला की ही खूण गेली. पण आपल्याकडे कार्ट्रिज रिफिल करून तोच ड्रम झिजेपर्यंत वापरतात, ते तपासणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. काही रंगीत लेझर प्रिंटर तर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात. त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची वेळ दडलेली असते.

याच प्रश्नाचा टाइपरायटरच्या काळातला खटला नागपूरचाच आहे. सिवनीच्या सरकारी दारूभट्टीचा ठेका मिळवण्यासाठी कट केल्याचा आरोप अबकारी आयुक्त हनुमंत नरगुंदकर आणि ठेकेदार पटेल यांच्यावर होता. एका पत्रावर तारीख होती २० नोव्हेंबर १९४६; सरकार पक्षाचं म्हणणं, ज्या टाइपरायटरवर ते टंकलं तो नागपुरात आलाच डिसेंबरअखेर! तज्ज्ञांनीही तसंच सांगितलं. मात्र टाइपरायटरवरचं मत पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात दोघेही निर्दोष सुटले. वकिलीचे विद्यार्थी हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाठ करतात. त्यातला टाइपरायटर कुणाला आठवत नाही. तज्ज्ञांसाठी हे दार उघडलं थेट १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयानेच आपलं मत बदलल्यावर. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये विज्ञान आणि कलेच्या जोडीला ‘इतर कोणतंही क्षेत्र’ही आलं आहे.

अर्थात प्रिंटर सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही. पत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढलं असेल, तर तिथे दिवसाला शंभर जण येतात. तरी पोलिसांत द्यायचं असेल तर मूळ प्रतच द्या. तोवर ती आणखी घड्या न घालता कागदी लिफाफ्यात ठेवा. प्लास्टिकच्या फोल्डरला टोनर चिकटतो.