शिकाऊ उमेदवारीचा काळ सार्थकी लावा

आय.टी.आय. उत्तीर्ण झालेला मुलगा कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला की घरात पेढे वाटले जातात. हा आनंद रास्त आहे. परंतु ही नोकरी नव्हे, शिक्षणाचाच पुढचा टप्पा आहे, हे मुलांनी व पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला मिळते ते विद्यावेतन. मुदत संपल्यावर तेथेच कायम होण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. करारात तशी अट असेल तरच मालकावर बंधन येते. मात्र १९९५ साली उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इतर बाबी समान असल्यास थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे. 'इतर बाबी समान असल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती बरोबरी आपण याच काळात साधायची आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) करार वाचावा : ट्रेड, मुदत व विद्यावेतन तपासावे. कराराची नोंदणी झाल्याची खात्री करावी व प्रत जवळ ठेवावी.

२) मोजमाप पक्के करावे : व्हर्निअर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटर व मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर न चुकता वाचता आले पाहिजे. ज्याच्या मापावर फोरमनचा विश्वास बसतो, त्याच्या हाती चांगले काम येते.

३) सुरक्षितता पाळावी : लेथवर सैल बाह्या किंवा हातमोजे नकोत. चकची किल्ली चकमध्ये कधीही सोडू नये. माप मशीन थांबवूनच घ्यावे. धातूचा कीस हाताने नव्हे, ब्रशने काढावा.

४) रोज वही लिहावी : आज कोणते काम केले, कोणते हत्यार वापरले, जॉब कशामुळे रिजेक्ट झाला, हे लिहावे. परीक्षेच्या व मुलाखतीच्या वेळी हीच वही उपयोगी पडते.

५) विचारण्यास लाजू नये : जुना कारागीर प्रथम रागावेल, पण तोच मुलगा हत्यारे पुसून जागेवर ठेवताना दिसला की आपणहून शिकवील.

६) हक्क माहीत असावेत : अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद कलम ३-अ मध्ये आहे. उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला जादा वेळ राबवता येत नाही. प्रशिक्षणात इजा झाल्यास नुकसानभरपाईची तरतूद आहे. महिनोन् महिने केवळ झाडलोट व चहा आणण्याचे काम दिले जात असेल, तर प्रथम फोरमनशी, नंतर प्रशिक्षण विभागाशी शांतपणे बोलावे. तरीही न सुटल्यास सल्लागाराकडे लेखी तक्रार करावी. कामावर जाणे मात्र सोडू नये. गैरहजेरीने आपलीच बाजू लंगडी पडते.

शेवटी वस्तीतील नोकरदार बांधवांना एक विनंती. ज्यांनी मशीनवर आयुष्य काढले, त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. ज्या मुलाच्या घरात कारखाना कोणी पाहिलेला नाही, त्याला असा एक माणूस मिळणे फार मोलाचे आहे.