तळ्याचा गाळ आणि तळ्याचा काठ

युरोपात शेतीसाठी दलदली कोरड्या केल्या. तिथे पाण्याखाली शतकानुशतके साठलेली पालापाचोळ्याची माती झिजली, जमीन खचली. आता तिथे पुन्हा पाणी अडवतात.

आपल्या मुधोळकडे दलदल नाही, तळी आहेत. २०१५ साली तेलंगणात ‘मिशन काकतीय’ सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी तळ्यांतला गाळ रानात नेला. हलक्या, मुरमाड रानात गाळ ओल धरतो. काळ्या भारी रानाला त्याची गरज कमी. म्हणून आधी मातीपरीक्षण करावे.

काठ मात्र खरवडू नये. लव्हाळ्यात पाखरे घरटी करतात, उथळ पाण्यात बेडूक अंडी घालतात. हेच पिकावरची कीड टिपतात. फवारणीचा पंप तळ्यात धुणे तर सोडाच (सर्रास चालते!). त्याच पाण्यावर आपली गुरे येतात.