फोटो तुझा, लाज त्याची

अगं, आधी तो फोन पालथा ठेव आणि दोन घास खा. धरणावर गेलात तेव्हा त्या मुलाला विश्वासानं पाठवलेले फोटो आता तो 'गावभर करीन' म्हणतोय, एवढंच ना? खरं सांगू का, गुन्हा तू केलेला नाहीस, तो करतोय.

पानशेतात सगळे ओळखीचे, म्हणून धास्ती जास्त, कळतं मला. पण बघ, मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या नटीलाही हे चुकलं नाही. आपल्या पुण्यात वाढलेली राधिका आपटे घे. २०१५ मध्ये अनुराग कश्यपच्या लघुपटातलं तिचं एक दृश्य कुणीतरी बाहेर फोडलं. तो तिचा अभिनय होता, तिचं काम होतं, तरी लोक तिलाच बोलले. २०२१ च्या एका मुलाखतीत तिनं सांगितलं, चार दिवस घराबाहेर पडता आलं नाही. ड्रायव्हर, वॉचमन यांनीसुद्धा तिला ओळखलं होतं. म्हणजे 'तू काढलासच कशाला?' हा प्रश्नच चुकीचा गं. जाब विचारायचा तो फोडणाऱ्याला आणि पुढे पाठवणाऱ्याला. आणि ती काही घरी बसली नाही. २०१८ मध्ये 'पॅडमॅन' आणि 'अंधाधुन' दोन्हींत होती!

आता कामाचं ऐक. त्याला एक रुपया द्यायचा नाही, विनवण्याही नकोत. मेसेज पुसू नकोस. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, मगच ब्लॉक कर. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बाईला अशी तक्रार नाव न देताही करता येते. पण त्याला पकडायचं असेल तर नाव देऊन गुन्हा नोंदवलेला बरा. वेल्ह्याच्या ठाण्यात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून कचरतेस? मग पुण्यातल्या ठाण्यात जा. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. संमतीशिवाय खासगी अंगाचा फोटो पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तू अठरा पूर्ण आहेस, तेव्हा 'स्टॉप एनसीआयआय' या वेबसाइटचीही मदत घे. फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो, आणि त्यात सामील कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात.

आजच पासवर्ड बदल, दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर. २०१४ मध्ये हॉलिवूडच्या जेनिफर लॉरेन्ससारख्या नट्यांचे फोटो चोरले गेले, तेव्हा चोरांनी इंटरनेट कंपन्यांच्या नावानं खोटे ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेतले होते. म्हणून पासवर्ड मागणाऱ्या कुणालाही तो द्यायचा नाही, नवऱ्यालासुद्धा!

आणि उद्या दुसऱ्या कुणा पोरीचा फोटो तुझ्या ग्रुपवर आला, तर उघडून बघू नकोस, पुढे पाठवू नकोस, पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे सुनाव. जमेल तुला. ठाण्यात एकटीनं जायचं नसेल तर सांग, मी येते सोबत.