घरगुती जलशुद्धीकरण यंत्र आणि दुर्बल रुग्णाचे पाणी

रुग्णास घरी पाठविताना नातेवाइकांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “घरी फिल्टर आहे, तरीही पाणी उकळायचे का?” प्रश्न साधा आहे, परंतु यंत्राची रचना समजून घेतल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला रुग्ण किंवा अपुऱ्या दिवसांचे अर्भक यांच्या बाबतीत या उत्तरास विशेष महत्त्व आहे.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेले असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरीनीकरण केलेल्या पाण्यात ग्राहकापाशी पोहोचेपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू मुळीच आढळू नये. हे शिल्लक क्लोरीन वाटेत शिरणाऱ्या जंतूंपासून पाण्याचे रक्षण करते. शुद्धीकरण यंत्रातील सक्रिय कोळसा मात्र नेमके तेच काढून टाकतो. पाण्याचा वास जातो, चव सुधारते आणि आपले समाधान होते. परंतु कोळशाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्य साचते. क्लोरीनचा अटकाव नसल्यामुळे त्यावर जीवाणूंची वाढ होते. कोळशास चांदीचा लेप दिल्याने ही वाढ मंदावते, थांबत नाही.

‘आर.ओ.’ यंत्रातही हेच घडते. त्यातील नाजूक पटल क्लोरीनमुळे खराब होते, म्हणून कोळशाचा टप्पा पटलाच्या आधीच ठेवावा लागतो. परिणामी पटलापासून साठवणीच्या टाकीपर्यंतचा सर्व भाग क्लोरीनविरहित पाण्याने भरलेला असतो. पटल सुस्थितीत असेल तर जंतू उत्तम रीतीने अडवले जातात. परंतु टाकी, तोटी आणि तोटीस लागणारे हात पटलाच्या पलीकडे आहेत. अतिनील दिव्याचेही असेच. त्या प्रकाशाने जंतू निष्प्रभ होतात, मात्र पाणी गढूळ असल्यास किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत, दिव्याची शक्ती कालांतराने घटते, आणि दिव्याखालून पुढे गेलेल्या पाण्यास पुढील संरक्षण उरत नाही.

येथे विक्रेत्यांच्या एका प्रात्यक्षिकाचा उल्लेख करणे भाग आहे. दोन लोखंडी सळ्या नळाच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की पाणी तपकिरी होते व गृहिणी घाबरून जाते. तो रंग पाण्यातील घाणीचा नसून विरघळलेल्या लोखंडाचा असतो. ‘आर.ओ.’च्या पाण्यात क्षार अल्प असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. टी.डी.एस. मापकदेखील विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही.

या जीवाणूंमुळे आजार होतो काय, याविषयी तारतम्याने बोलले पाहिजे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात घरगुती ‘आर.ओ.’ यंत्राच्या पाण्यातील जीवाणूंची संख्या आणि पोटाच्या तक्रारी यांचा संबंध आढळला होता. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जिनिव्हा येथे बोलाविलेल्या तज्ज्ञांनी, असे सर्वसाधारण जीवाणू निरोगी माणसास अपाय करतात असा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. आमच्या मते निरोगी कुटुंबाने भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु ओलसर भागांत वाढणारा स्युडोमोनास हा जंतू प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णास घातक ठरू शकतो, आणि अशा रुग्णास निरोगी माणसाचा निकष लावता येणार नाही.

जंतू मलजन्य असतील तर निरोगी माणसासही धोका असतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी व धायरी या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. हा जंतू पुरेशा क्लोरीनने सहज मरतो. दूषित आढळलेले काही खाजगी शुद्धीकरण प्रकल्प महानगरपालिकेने त्या वेळी बंद केले. ते प्रकल्प व्यावसायिक होते हे खरे. तथापि क्लोरीन नसलेले पाणी साठवून वाटण्यातील धोका मोठ्या टाकीस जसा, तसाच ओट्यावरील लहान टाकीसही आहे.

तेव्हा नातेवाइकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की वर उल्लेखिलेल्या रुग्णांसाठी यंत्रातून आलेले पाणीही उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. यंत्राची टाकी निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे रिकामी करून धुवावी, तोटी रोज पुसावी, आणि गावाहून परतल्यावर आत साचून राहिलेले पाणी पूर्ण सोडून द्यावे. कोळशाची कांडी व पटल बदलल्याची तारीख यंत्रावरच चिठ्ठी चिकटवून लिहावी; पाण्याची चव बिघडण्याची वाट पाहू नये, कारण जंतू वाढले तरी चव बदलतेच असे नाही.

मलजन्य प्रदूषणाची शंका असल्यास हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली उपयोगी पडते. तीत पाणी भरून उबदार जागी ठेवावे; एक-दोन दिवसांत ते काळे पडल्यास यंत्राचे पाणी पिणे तत्काळ थांबवावे आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. नमुना यंत्राच्या तोटीचा एक व थेट नळाचा एक, असे दोन निरनिराळे द्यावेत. म्हणजे दोष नळाच्या पाण्यात आहे की यंत्रात, ते समजते.