फ्रीज लिटरवर घेऊ नका

गाडीत फ्रीज बसवायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो ‘किती लिटरचा?’ आणि दुसरा ‘केवढ्याला?’ कॅम्परव्हॅन बांधून देणाऱ्यांना हे दोन प्रश्न फार सोयीचे पडतात, कारण त्यांची उत्तरं दिली की जबाबदारी संपते. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तेही आपणहून काढत नाहीत: हा फ्रीज मे महिन्यात, बंद गाडीत, चोवीस तासांत किती वीज खाईल आणि ती येणार कुठून? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. दूध नासलं, मासळी फेकावी लागली की गाडी बांधणारा फ्रीजकडे बोट दाखवतो, फ्रीजवाला बॅटरीकडे, बॅटरीवाला सोलरकडे, आणि शेवटी सगळे मिळून ‘तुम्ही दार फार उघडता’ असं गिऱ्हाइकालाच सुनावतात. दाराचा वाटा असतो, पण किरकोळ. खरा दोष बहुतेकदा हिशेब न करता केलेल्या जोडणीत असतो. तो हिशेब शाळकरी मुलाला जमेल इतका सोपा आहे, म्हणून तर तो न करणाऱ्यांवरचा माझा राग अजून जात नाही.

विकणारे वॉटचा आकडा पुढे करतात. १२ व्होल्टवर चालणारा साधारण ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास घेतो, आणि हे खोटं नाही. पण कॉम्प्रेसर सतत चालत नसतो. तो तासातली किती मिनिटं चालेल, हे मुख्यतः बाहेरच्या तापमानावर ठरतं. आत ५ अंश ठेवायचे आहेत आणि बाहेर २५ आहेत, तर फरक २० अंशांचा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ४५ अंश सहज होतात, म्हणजे फरक ४० अंशांचा. भिंतींमधून आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती सरळ दुप्पट होते. शिवाय बाहेर काढलेली उष्णता आधीच तापलेल्या हवेत सोडायची असल्याने तेवढ्याच थंडाव्याला वीजही जास्त लागते. आधी तासातली २० मिनिटं चालणारा फ्रीज आता ४० मिनिटांहून जास्त चालतो. दिवसाचे ३६० वॉट-तास होते, तिथे ७२० च्या वर गेले. माहितीपत्रकात पहिल्या प्रकारचा आकडा ठळक छापतात. तो किती अंशांना मोजला ते बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. फ्रीज विदर्भातल्या उन्हाळ्यात चालवायचा असेल, तर त्या ठळक आकड्याची दुप्पट धरा आणि मगच पुढे जा.

आता बॅटरी. १२ व्होल्टला ७२० वॉट-तास म्हणजे ६० अँपिअर-तास. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उपसली, तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हातात आले ५०, आणि अजून दिवे, पंखा, मोबाइल धरलेच नाहीत. फ्रीजला दिवसभरही न पुरणारी ही बॅटरी ‘दोन दिवस आरामात चालेल’ म्हणून गळ्यात मारतात. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॉट-तास असतात आणि त्यातले ९० टक्के वापरले तरी चालतं, म्हणजे तोच फ्रीज दीड दिवस निघतो. लिथियम महाग पडते हा आक्षेप खरा आहे. पण तुलना छापील अँपिअर-तासांची न करता वापरता येणाऱ्या अँपिअर-तासांची करा, मग तफावत बरीच कमी होते. दुसरं असं की पाणी भरायची ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, घाटात तिचं आम्लही सांडू शकतं. झोपायच्या फळीखाली तिला जागा देणारा माणूस तुमचा विचार करत नाही, स्वतःच्या गोदामातल्या मालाचा करतो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती वायरच्या बाबतीत. बॅटरी पुढे आणि फ्रीज मागे असेल तर अंतर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती तांब्याच्या वायरला एवढ्या लांबीत सुमारे ०.१४ ओहम रोध असतो. ५ अँपिअर वाहिले की ०.७ व्होल्ट वाटेतच जिरतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये एवढी घट कळणारही नाही, पण १२ व्होल्टमध्ये ती सहा टक्क्यांच्या जवळ जाते. त्यात सिगारेट-लायटरचं सैल सॉकेट आपली भर घालतं. बॅटरी वाचावी म्हणून या फ्रीजमध्ये कमी व्होल्टेजला बंद पडण्याची सोय असते. डॅनफॉसच्या, म्हणजे आताच्या सेकॉपच्या, बीडी३५ कॉम्प्रेसरचं मूळ सेटिंग १०.४ व्होल्टला बंद आणि ११.७ ला पुन्हा चालू असं आहे. अनेक फ्रीजबॉक्सचं ‘हाय’ सेटिंग तर ११ च्या आसपासच तोडतं. मग बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असताना फ्रीज पहाटे बंद पडतो. बंद पडताच वायरमधली घट नाहीशी होते, व्होल्टेज वर येतं, फ्रीज चालू होतो आणि पुन्हा पडतो. तक्रार केली की मेकॅनिक बॅटरीवर मीटर लावतो, १२ व्होल्ट दाखवतो आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं की नाही, हे विहिरीवर उभं राहून कसं कळणार? मीटर फ्रीजच्या टोकाला लावायचं असतं, तेही कॉम्प्रेसर चालू असताना. बॅटरीवरच्या आणि तिथल्या आकड्यात ०.३ व्होल्टहून जास्त फरक निघाला, तर फ्रीज दुरुस्तीला नेऊ नका, वायर बदला. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातली की हीच घट ०.२ च्या आत येते. लाइन फ्रीजसाठी स्वतंत्र हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

यावर ‘मग घरचाच फ्रीज इन्व्हर्टरवर लावा, निम्म्या किमतीत काम होतं’ असं सांगणारे भेटतात. मोठी बस, भरपूर बॅटरी आणि मुक्कामी लाइटचं कनेक्शन असेल, तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. छोट्या व्हॅनमध्ये मात्र इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायलाच १०-२० वॉट जातात, म्हणजे दिवसाला २४० ते ४८० वॉट-तास. एवढ्यात थंड हवामानात आख्खा छोटा फ्रीज चालला असता. दुसरे म्हणतात, गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा घ्या. ही पद्धत जुनी आणि खरोखर हुशार आहे. फोन प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनच्या दोन विद्यार्थ्यांनी ती १९२२ मध्ये शोधली, आणि तिचा आवाजही होत नाही. पण त्या फ्रीजला गाडी सपाट जागी उभी लागते, उकाड्यात तो मागे पडतो आणि १२ व्होल्टवर दहा-बारा अँपिअर सलग ओढतो. युरोपातल्या सपाट, थंड तळांवर जे शोभतं ते आंबोलीच्या उतारावर चालेलच असं नाही. ‘कार फ्रीज’ म्हणून स्वस्तात मिळणारे पेल्टिअरचे डबे तर बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशच खाली जातात. बाहेर ४० असेल तर आत २०, आणि त्या तापमानाला दूध टिकत नाही. वर ते चार-पाच अँपिअर दिवसभर खातात.

‘एवढं करण्यापेक्षा बर्फाची पेटी बरी’ हा आक्षेप मात्र मी मानतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास उष्णता शोषतो, म्हणजे दहा किलोत ९०० च्या वर. चांगल्या जाड पेटीत शनिवार-रविवार सहज निघतो आणि मासळी बंदरांवर बर्फ मिळतोही. ज्यांना दोनच दिवस जायचंय त्यांनी फ्रीजच्या भानगडीत पडू नये. फ्रीज हवा तो आठवडाभर फिरणाऱ्यांना, किंवा ज्यांच्यासोबत इन्सुलिन आहे त्यांना, कारण न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं आणि तिथे ‘बघू, चालेल’ चालत नाही.

वीज भरायच्या बाजूलाही हीच शिस्त लावा. १०० वॉटचं पॅनल टपावर आडवं असताना चांगल्या उन्हात दिवसाला ३०० ते ४०० वॉट-तास देतं. तापलेलं पॅनल छापील क्षमतेपेक्षा कमी देतं, आणि कोकणातल्या पावसात त्याचा भरवसा धरूच नका. म्हणून इंजिन चालू असताना अल्टरनेटरवरून डीसी-डीसी चार्जरमार्फत दुसरी बॅटरी भरण्याची सोय हवीच, आणि फ्रीज स्टार्टरच्या बॅटरीवर कधीच नको. प्लायच्या कपाटात फ्रीज कोंडू नका, गरम हवेला खालून यायला आणि वरून जायला वाट ठेवा. सामान घरूनच थंड करून भरा. गाडी सावलीत लावा.

आणि आगाऊ रक्कम देण्याआधी कोटेशनवर चार आकडे लिहून मागा: ४० अंशांना दिवसाचा वीजवापर, बॅटरीचे वापरता येणारे वॉट-तास, वायरची जाडी आणि कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीजच्या टोकाला मिळणारं व्होल्टेज. ‘आम्ही इतक्या गाड्या बांधल्यात’ हे या चारपैकी एकाचंही उत्तर नाही. आकडे द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून गाडी बांधून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.